सबवूफरला कुठली केबल घ्यावी? आधी वूफरच्या मागं काय आहे ते बघा

होम थिएटर घेताना आपण टीव्ही बघतो, रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) बघतो, वूफर दहा इंची का बारा इंची यावर दुकानात तासभर घालवतो आणि केबलचं मात्र घरी आल्यावर लक्षात येतं, कारण बऱ्याच सबवूफरच्या खोक्यात सिग्नलची केबल येतच नाही, फक्त लाईटची वायर येते. मग घाईघाईत मार्केट गाठायचं. तिथं एकीकडं शंभर-दीडशेची केबल लटकलेली असते आणि दुसरीकडं बोटाएवढी जाड, वरून जाळी, सोनेरी पिना, भाव हजारात. दुकानदार म्हणतो, "भो, हाई लई जा, एक नंबर शे, बेस डबल हुई जाई." आणि माणूस घेऊन मोकळा होतो.

तर आधीच सांगतो, केबलनं बेस वाढत नाही. रिसीव्हरमधून निघालेला सिग्नल जसाच्या तसा वूफरपर्यंत न्यायचा आणि वाटेत लाईटच्या वायरींची गुणगुण आत शिरू द्यायची नाही, एवढंच तिचं काम, आणि ते साधी पण नीट बनवलेली केबल पूर्ण करते. हां, पण प्रकार चुकला, पिन ढिली निघाली, लांबी कमी पडली तर तीस हजाराचा वूफर सुद्धा नुसता घुंईं करत बसतो, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं काम, वूफर फिरवा आणि त्याची पाठ बघा. मागं लाईटची वायर लावायची जागा आहे, ऑन-ऑफचं बटण आहे, व्हॉल्यूमचा आणि क्रॉसओव्हरचा (किती हर्ट्झच्या खालचा आवाज वाजवायचा ते ठरवणारा) नॉब आहे तर तो ॲक्टिव्ह सबवूफर, म्हणजे त्याचा ॲम्प्लिफायर त्याच्या पोटातच आहे. मागं फक्त लाल-काळ्या क्लिपा असतील किंवा नुसती जोडवायर बाहेर आलेली असेल, लाईटची पिन कुठंच नसेल, तर तो पॅसिव्ह, त्याला पॉवर बाहेरच्या ॲम्प्लिफायरमधून द्यावी लागते. बॉक्स सेटमध्ये, असेंबल केलेल्या ॲम्प्लिफायरवर, किंवा गाडीचा वूफर लाकडी पेटीत बसवून घरात वाजवतात तिथं हा पॅसिव्ह प्रकार सापडतो. या दोघांच्या केबली एकदम वेगळ्या. ठिबकवाल्या माणसाला लगेच कळेल, ॲक्टिव्हची केबल म्हणजे ठिबकची बारीक नळी आणि पॅसिव्हची वायर म्हणजे विहिरीवरून येणारी मेन लाईन. आकड्यात बघा: ॲक्टिव्ह वूफरला समजा २ व्होल्टचा सिग्नल दिला आणि त्याच्या इनपुटचा रेझिस्टन्स १० हजार ओहम आहे, तर केबलमधून करंट वाहतो ०.२ मिलिॲम्पिअर. तेच ४ ओहमच्या पॅसिव्ह वूफरला १०० वॅट द्यायचे तर वायरीतून ५ ॲम्पिअर जातात. पंचवीस हजार पटीचा फरक आहे. म्हणून ॲक्टिव्हला जाड केबल लागत नाही आणि पॅसिव्हला बारीक चालत नाही.

आधी ॲक्टिव्हचं बघू, कारण आता बहुतेक घरात तोच असतो. डेनॉन, यामाहा, ओन्कियो असा कुठलाही एव्ही रिसीव्हर असेल तर त्याच्या मागं सबवूफर आउट, सब प्री आउट किंवा एलएफई असं लिहिलेलं एक गोल भोक असतं, तीच आपल्या ओळखीची आरसीए पिन, जुन्या डीव्हीडीला लाल-पांढरी-पिवळी लावायचो ती. तिथून एक केबल निघते आणि वूफरच्या एलएफई इन किंवा लाइन इनमध्ये जाते. एकच केबल, एकच पिन. ५.१ मधला तो जो .१ आहे तो हाच एलएफई चॅनल, त्यात १२० हर्ट्झपर्यंतचाच आवाज असतो. शिवाय लहान स्पीकरना न झेपणारा बेस रिसीव्हर कापून याच पिनेतून बाहेर काढतो, साधारण ८० हर्ट्झच्या खालचा. म्हणजे या केबलमधून जे जातंय ते सगळं खालच्या सुरातलं आहे. "ह्या केबलनं आवाज क्लिअर होतो, ट्रेबल खुलतो" असं कोणी सबवूफरच्या केबलबद्दल सांगायला लागला तर समजून घ्या की त्या केबलमधून ट्रेबल जातच नाही.

वूफरला लेफ्ट आणि राइट अशी दोन भोकं असतील आणि रिसीव्हरला एकच, तर घाबरायचं नाही. एखाद्या भोकाजवळ एलएफई लिहिलंय का बघा, बऱ्याच वेळा लेफ्टच्याच खाली लिहिलेलं असतं, त्यात लावा, झालं. काही जण वाय केबल लावून एकाची दोन करतात आणि दोन्ही भोकं भरतात. त्यानं आवाज थोडा वाढतो, ६ डीबीपर्यंत सुद्धा, पण तेवढंच काम व्हॉल्यूमचा नॉब जरासा फिरवून होतं. वाय केबलचा खरा उपयोग दोन ठिकाणी. एक, ज्या वूफरचं ऑटो-ऑन, म्हणजे सिग्नल आला की आपोआप चालू होणं, हळू आवाजाच्या सिनेमात जागंच होत नाही, त्याला सिग्नल थोडा जोरात मिळाला की तो उठतो. दुसरा, रिसीव्हरला एकच सब आउट आहे आणि वूफर दोन लावायचेत. वाय लावली तर ऑटो सेटिंग, म्हणजे डेनॉनचं ऑडिसी, यामाहाचं वायपीएओ, ते माइक लावून परत एकदा चालवा, नाहीतर बेस अंगावर येतो.

आता दुकानात केबल हातात घेऊन काय बघायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शील्ड. आत मधोमध एक तार असते, तिच्याभोवती प्लास्टिक, त्याच्यावर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि वरून पीव्हीसी. ती जाळी जेवढी दाट तेवढी केबल चांगली. स्वस्तातल्या केबलमध्ये जाळी नसतेच, दहा-बारा तारा एका बाजूनं नुसत्या गुंडाळलेल्या असतात, वाकवलं की त्यांच्यात फट पडते. दुकानदार कापून दाखवणार नाही, पण एक करता येतं: ज्या केबलची पिन स्क्रूवाली आहे तिचं झाकण फिरवून उघडा आणि आत डोकवा. जाळी नीट पिळून, पिनेच्या बाहेरच्या भागाला भरपूर सोल्डर मारून जोडलेली दिसली तर घ्या. दोन-चार केस चिकटवल्यासारखे दिसले तर ठेवून द्या. मोल्डेड पिनवाल्या केबलचं आत काय आहे ते दिसत नाही, मग तिथं पिनेची पकड बघायची. पिनेच्या बाहेरच्या रिंगला चार फाकळ्या असतात, त्या भोकावर घट्ट बसायला पाहिजेत, लावताना जरा जोर लागला पाहिजे आणि काढताना पिळून काढावी लागली पाहिजे. ही रिंग म्हणजेच अर्थची बाजू, ती ढिली झाली की वूफर लगेच मोठ्यानं गुणगुणायला लागतो. बऱ्याच वेळा तक्रार त्या रिंगेतच असते, पक्कडीनं चारी फाकळ्या हलक्या हातानं जराशा आत दाबल्या की बंद होते.

सोनेरी पिनेबद्दल. जळगावच्या माणसाला सोन्याचं वेगळं काय सांगायचं, पण इथलं सोनं म्हणजे पितळेवरचा अगदी पातळ मुलामा असतो आणि त्याचा फायदा एकच, ते काळं पडत नाही. पावसाळ्यात दमट हवेत साध्या पिनेवर थर चढतो आणि खरखर सुरू होते, सोन्याच्या मुलाम्यावर तो चढत नाही. मुलामा असला तर चांगलंच, पण त्याच्यासाठी हजार रुपये जास्त द्यायचे कारण नाही. दोन-तीनशेच्या केबलला पण तो मिळतो.

ऑक्सिजन फ्री कॉपर, म्हणजे ओएफसी, हे पण खोक्यावर मोठ्या अक्षरात असतं. तांबं चांगलंच असतं ते, पण ०.२ मिलिॲम्पिअरला साधं तांबं आणि ओएफसी यात कानाला कळेल असा फरक नाही. तसंच ७५ ओहम. ७५ ओहमची केबल डिजिटल सिग्नलसाठी आणि व्हिडिओसाठी महत्त्वाची. सबवूफरला १०० हर्ट्झवर केबलमधली लाट जवळपास २ हजार किलोमीटर लांब असते, जळगावहून दिल्लीला जाऊन परत येण्याइतकी, तिला आपल्या आठ मीटर केबलचा ओहम किती याच्याशी देणंघेणं नाही. पण याचा एक फायदा होतो: घरात पडलेली डिजिटल कोॲक्सिअल केबल किंवा जुनी पिवळी व्हिडिओची केबल असेल तर ती बिनधास्त सबवूफरला लावा, तिची शील्ड सहसा लाल-पांढरीपेक्षा चांगली असते.

काही केबलवर बाण काढलेला असतो. तो सगळ्याच वेळा नुसता दिखावा नसतो. ज्या केबलमध्ये आत दोन तारा आणि वरून वेगळी जाळी असते, तिथं जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, म्हणून बाण. बाण रिसीव्हरकडून वूफरकडं ठेवायचा. साध्या एक तारेच्या केबलवर बाण असला तर कसाही लावा.

लांबीसाठी टेप घेऊन हवेतून मोजू नका. सुतळी घ्या आणि केबल जिथून जाणार आहे तिथून, म्हणजे टीव्ही युनिटच्या मागून खाली, भिंतीच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून वळसा घालून, अशी लावून मोजा. मग त्यात एक मीटर मिळवा. समोरच टीव्हीजवळ वूफर असेल तर २-३ मीटरमध्ये भागतं, सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात न्यायचा असेल तर साध्या हॉलला सुद्धा ८-१० मीटर लागतात. आणि वूफर कुठं ठेवायचा हे ठरायच्या आधी केबल विकत घेऊच नका. त्यासाठी कोणाकडून तरी लांब केबल एक दिवस मागून आणा, वूफर सोफ्यावर आपण बसतो त्या जागी ठेवा, बेसवालं गाणं लावा आणि मग स्वतः हॉलच्या कडेकडेनं खाली बसून फिरा, जिथं बेस घट्ट आणि एकसारखा ऐकू येतो तिथं वूफर ठेवायचा. या एका उद्योगानं जेवढा फरक पडतो तेवढा कुठलीच केबल देऊ शकत नाही. लांब केबलनं बेस उशिरा येतो का असं खूप जण विचारतात. १० मीटर केबल पार करायला सिग्नलला एका सेकंदाच्या दोन कोटीव्या भागाइतका वेळ लागतो, ५० नॅनोसेकंद. ऑटो सेटिंगनं वूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर तो उशीर वूफरच्या आतल्या सर्किटमुळं असतो, तो आकडा बदलू नका.

एक गोष्ट कायम पाळा, केबल लावताना-काढताना वूफरचं बटण बंद पाहिजे. आरसीएची रचनाच अशी आहे की मधली पिन आधी टेकते आणि अर्थची रिंग नंतर. चालू वूफरमध्ये लावली की त्या मधल्या क्षणात धाडकन आवाज येतो आणि कोनवर जोराचा धक्का बसतो.

आता गुणगुणीकडं येऊ, कारण आपल्याकडं केबलच्या नावानं जेवढ्या शिव्या पडतात त्यातल्या बऱ्याच खरं तर अर्थिंगच्या आहेत. ५० हर्ट्झची ती एकसुरी घुंईं आली की आधी वूफर बंद करून केबल वूफरकडून काढा, परत चालू करा. तरी येते? मग वूफरच्या ॲम्प्लिफायरमध्येच काहीतरी आहे, कॅपेसिटर वगैरे, मेकॅनिककडं न्या. गेली? मग केबल परत लावा आणि सेट टॉप बॉक्सला येणारी छत्रीची किंवा केबलवाल्याची वायर काढून बघा. इथं बहुतेक वेळा चोर सापडतो. छत्रीचं स्टँड स्लॅबच्या लोखंडाला टेकलेलं, केबलवाल्याची लाईन खांबावरून आलेली, आणि वूफर तीन पिनांवर घरच्या अर्थला. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा फरक असतो आणि तो फरक तुमच्या आरसीएच्या जाळीतून वाहतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. पहिला उपाय फुकटचा आहे: टीव्ही, सेट टॉप बॉक्स, रिसीव्हर, वूफर सगळं एकाच बोर्डावरून घ्या, लागलं तर वूफरसाठी सिग्नलची केबल लांब न्या तशी लाईटची पण चांगल्या प्रतीची एक्स्टेंशन न्या. दुसरा उपाय, सेट टॉप बॉक्स सरळ टीव्हीला लावा आणि टीव्हीतून रिसीव्हरला आवाज एचडीएमआय ऐवजी ऑप्टिकल केबलनं द्या, ऑप्टिकलमधून फक्त उजेड जातो त्यामुळं लूप तुटतो. केबलवाल्याच्या वायरीला आयसोलेटर, म्हणजे लूप तोडणारा जोड, पण मिळतो, पण छत्रीच्या वायरीला तो लावू नका, कारण त्याच वायरीतून वर एलएनबीला, म्हणजे छत्रीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट जातात, आयसोलेटर लावला की सिग्नलच बंद. आरसीएला लावायचे ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतात त्यांच्याबद्दल पण सांभाळून, स्वस्तातल्यात ट्रान्सफॉर्मर एवढासा असतो आणि तो सगळ्यात खालचा बेसच खाऊन टाकतो. खोक्यावर २० हर्ट्झपासून असं लिहिलेलं असेल तरच विचार करा.

आणि तीन पिनेची अर्थची पिन तोडून किंवा दोन पिनेचा जुगाड लावून गुणगुण बंद करायची, हे कोणी सांगितलं तरी करू नका. गुणगुण जाते खरी. पण उद्या वूफरच्या आत फेज बॉडीला लागला तर तो आरसीएच्या जाळीतून रिसीव्हरला, तिथून एचडीएमआयनं टीव्हीला, सगळ्या लोखंडी अंगांना येतो आणि घरात लहान मुलं असतात. अर्थिंग सुधारा, तोडू नका. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात ओल धरते पण एप्रिल-मेमध्ये भेगा पडेपर्यंत सुकते, त्या वेळी अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत राहा. जुन्या धाब्याच्या घरांमध्ये तर तीन पिनेच्या सॉकेटला अर्थची वायर पोचलेलीच नसते, वायरमनला बोलवून आधी ते तपासून घ्या, होम थिएटर नंतर.

उन्हाळ्यातली दुसरी भानगड म्हणजे कूलर. कूलर चालू-बंद केला की वूफर "टप" करतो. मोटारीच्या स्विचला ठिणगी पडते तिचा झटका लाईटच्या लाईनीतून येतो, केबलमध्ये कितीही शील्ड असली तरी तो येतो, म्हणून कूलर वेगळ्या बोर्डावर आणि त्याची वायर सबवूफरच्या केबलपासून लांब. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर खरखर वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह आहे का ते बघा. प्युअर साइन वेव्हवर हा त्रास होत नाही. केबल बदलून इथं काही मिळणार नाही.

रिसीव्हर नसून जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल आणि त्याला सब आउटच नसेल, तरी रस्ता आहे. बऱ्याच ॲक्टिव्ह वूफरला हाय लेव्हल किंवा स्पीकर लेव्हल इन असतं. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या त्याच क्लिपांमधून अजून एक जोडी वायर काढून वूफरला न्यायची, स्पीकर आहेत तिथंच राहतात. इथं वायर स्पीकरची असली तरी करंट नगण्य असतो, ०.७५ स्क्वेअर एमएमची साधी वायर पुरते. फक्त ॲम्प्लिफायर क्लास डी किंवा ब्रिज टाइपचा असेल तर त्याची काळी क्लिप म्हणजे अर्थ नसते, मॅन्युअल वाचल्याशिवाय दोन्ही काळ्या एकत्र करू नका, ॲम्प्लिफायर जाईल.

टीव्हीलाच सरळ वूफर लावायचा असेल तर हेडफोनच्या भोकातून ३.५ एमएम पिनवरून दोन आरसीएवर जाणारी लीड लागते. पिन लावली की टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद होतात का ते सेटिंगमध्ये बघून घ्या, काही टीव्हीत दोन्ही चालू ठेवता येतं, काहीत नाही. एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल सरळ वूफरला लागत नाही, मध्ये काहीतरी लागतंच. साउंडबारसोबत येणारा वायरलेस वूफर असेल तर सिग्नलची केबलच नको, फक्त त्याला लाईटची पिन लागते हे जागा ठरवताना ध्यानात ठेवा.

पॅसिव्ह वूफरवाल्यांसाठी खरा खर्च वायरीच्या जाडीवर करायचा आहे. सोपा नियम: जाऊन-येऊन सगळ्या वायरीचा रेझिस्टन्स वूफरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. ४ ओहमचा वूफर असेल तर ०.२ ओहम. तांब्याची १.५ स्क्वेअर एमएमची वायर मीटरला ०.०१३३ ओहम देते. वूफर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, ०.१३ ओहम, ठीक. १० मीटरवर असेल तर ०.२७ होतात, मग २.५ स्क्वेअर एमएम घ्या, ती ०.१६ मध्ये बसवते. ०.७५ ची बारीक पारदर्शक वायर, जी बॉक्स सेटसोबत येते, तिथं अर्ध्या ओहमच्या वर जाते आणि बेस ढिला, फुगलेला वाटायला लागतो. महागडी स्पीकर वायर न घेता घरच्या वायरिंगची मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर, आयएसआय मार्कवाली, एक लाल एक काळी घेऊन एकमेकींना पीळ देऊन वापरली तरी शंभर टक्के तेच काम होतं, दिसायला जरा रांगडी आणि वाकायला कडक एवढंच. लालला लाल, काळ्याला काळी, उलटी लावली तर वूफर स्पीकरच्या विरुद्ध हलतो आणि बेस गायब होतो. गाडीच्या वूफरला बऱ्याचदा दोन कॉइल असतात, ४ अधिक ४. दोन्ही पॅरलल केल्या की २ ओहम होतात आणि घरच्या ॲम्प्लिफायरला ते झेपत नाही, सिरीजमध्ये लावा, ८ ओहम होतील.

वायर घेताना सीसीएपासून सावध. सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ थर. दिसते तांब्यासारखी, वजनाला हलकी, भाव कमी, पण वीज वाहायची ताकद तांब्याच्या दोन तृतीयांशाहून कमी. ओळखायचं कसं तर एक तार घेऊन ब्लेडनं खरवडा, आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला की सीसीए. आणि उलटं, बाहेरून पांढरी पण खरवडल्यावर आत लाल निघाली तर ती कल्हई केलेली तांब्याची वायर, ती उत्तम, तिला नाकारू नका.

ज्यांना सोल्डर मारता येतो त्यांनी ॲक्टिव्हची केबल घरीच बनवावी असं माझं मत आहे, लांबी हवी तेवढी मिळते आणि आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा आपल्या गावातल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्स स्पेअर पार्टच्या दुकानात स्क्रूवाल्या धातूच्या आरसीए पिना आणि शील्डवाली माइकची वायर मीटरवर मिळते. आरजी-६ म्हणजे छत्रीची वायर पण चालते पण ती कडक असते, तिच्या ताणानं वूफरचं भोक एका बाजूला ओढलं जातं, वूफर भिंतीला चिकटून ठेवायचा असेल तर आरजी-५९ किंवा माइकची वायरच बरी. आधी पिनेचं झाकण आणि स्प्रिंग वायरीत ओवून घ्या. मग वरचं पीव्हीसी दीड-दोन सेंटिमीटर सोला, जाळी उकलून एका बाजूला घट्ट पिळा, मधल्या तारेचं अर्धा सेंटिमीटर सोला, दोन्हीला आधी नुसता सोल्डर पाजा आणि मग पिनेला जोडा. गन जास्त वेळ टेकवायची नाही, मधलं प्लास्टिक वितळलं की तार जाळीला टेकते आणि आवाजच येत नाही. माइकच्या वायरीत आत दोन तारा असतात, एक मधल्या पिनेला, दुसरी बाहेरच्या रिंगेला आणि जाळी फक्त रिसीव्हरकडच्या टोकाला रिंगेला, वूफरकडं ती कापून टेप मारा. ही झाली तुमची बाणवाली केबल. शेवटी मल्टिमीटर बीपवर ठेवून पिन ते पिन वाजतं का, रिंग ते रिंग वाजतं का, आणि पिन ते रिंग वाजत नाही ना, हे तिन्ही बघूनच वूफरला लावा.

टाकताना लाईटच्या वायरीसोबत एकाच पट्टीत केबल बांधू नका, फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. ज्यांच्या घरात धान्याची कोठी आहे, कापूस ठेवलेला असतो, तिथं उंदीर असणारच, आणि कपाटामागून उघडी गेलेली केबल ते पहिली कुरतडतात, म्हणून जमिनीलगतची केबल पीव्हीसी पट्टीत घाला. नवीन घर बांधत असाल तर प्लास्टरच्या आधीच टीव्हीच्या भिंतीपासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत २५ एमएमचा पाइप लाईटच्या पाइपपासून वेगळा टाकून घ्या, बेंड मोठ्या वळणाचे वापरा, आत ओढायची तार घालून ठेवा आणि दोन्ही तोंडांना बोळा लावा म्हणजे सिमेंट जाणार नाही. केबल त्यातून बिनपिनेची ओढायची आणि पिना नंतर सोल्डर करायच्या, कारण लावलेली पिन पहिल्याच बेंडला अडकते.